लालासाहेबाच्या नावाची नोकरी

केरबा फडतऱ्याला सबंध आसनवाडी पळपुटा म्हणायची. पाठीमागं म्हणायची, तोंडावरही म्हणायची, आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज असायचा त्याच्या चुलतभावाचा, लालासाहेब पाटलाचा. पहिल्या लढाईत सरकारनं भरती काढली तेव्हा केरबा भिऊन घरातनं पळाला आणि लढाई मिटल्यावर तोंड लपवत परत आला. लालासाहेब मात्र पलटणीत गेला, पाच वर्षं लढला आणि नायक होऊन, बिल्ला घेऊन आला, ही गावाची पक्की माहिती. कोरेगावच्या बाजारात कुणी विचारलं तरी आसनवाडीचा माणूस हेच सांगायचा. आणि ही माहिती मुळापासून खोटी होती.

झालं होतं असं. सोळा साली मामलेदार चावडीवर आले आणि गावाकडून माणसं मागू लागले. नानासो पाटील, म्हणजे लालासाहेबाचा बाप, बोलायला भारी हौशी. मामलेदारापुढं छाती काढून म्हणाला, पहिलं नाव माझ्या पोराचं लिहा. नाव लिहिलं गेलं. घरी आल्यावर पोरगं बलुत्याच्या कणगीमागं जाऊन बसलं आणि बाहेर येईना. आता मामलेदाराला काय सांगायचं? नानासोच्या घरात मेलेल्या धाकट्या भावाचं पोरगं होतं, केरबा. लालासाहेबाच्याच वयाचं, अंगानं दणकट, आणि चुलत्याच्या भाकरीवर वाढलेलं. नानासोनं त्याला पाठवलं, लालासाहेब हे नाव देऊन. वर देवघरात नेऊन जोतिबाचा गुलाल हातावर ठेवला आणि आण घ्यायला लावली की ही गोष्ट तुझ्या तोंडून कधी घराबाहेर जाणार नाही. अठरा वर्षांच्या पोरानं आण घेतली. घर एकच, नाव कुणाचं का असेना, असं त्याला वाटलं. लालासाहेबाला शिरवळकडं मामाच्या गावी दडवलं, आणि केरबा कुठाय म्हणून लोक विचारायला लागले तेव्हा नानासोनं सांगून टाकलं की पळाला भरतीला भिऊन. केरबाला हे ठाऊक नव्हतं. तो तेव्हा बोटीत ओकत होता.

बसऱ्याच्या मुलखात त्यानं पाच वर्षं काढली. लुईस गन खांद्यावर वागवली, दोन फिती मिळवल्या, सही करायला शिकला. सही अर्थातच लालासाहेबाची. अठरा साली मानमोडी तापाची साथ आली, आणि घरून पत्र आलं की तुमची धाकटी चुलती वारली. पलटणीच्या लेखनिकानं वाचून दाखवलं आणि पुढच्या पत्राला हात घातला. लालासाहेबाची चुलती म्हणजे केरबाची आई. तो उठून न्हाव्यापुढं जाऊन बसला, डोकं आणि मिशी काढायला. हवालदारानं त्याला हाताला धरून उठवलं. म्हणाला, "चुलतीसाठी कुणी मिशी काढतं व्हय रं? आईबाप जित्ते हायती न्हवं तुजे?" केरबाला होय म्हणावं लागलं. लोकाच्या नावाखाली त्याला आईचं सुतकसुद्धा पाळता आलं नाही. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा लालासाहेबाला शिवी दिली, आणि मग ती रोजची झाली.

परत आला तेव्हा गाव त्याला पळपुटा म्हणून हसलं. कोरेगावच्या कचेरीत बिल्ला वाटला, तो लालासाहेबानं छातीवर लावून घेतला. त्याच्या कडेला लालासाहेबाचंच नाव कोरलेलं, मग भांडायचं कुणाशी? दसऱ्याला शिलंगणाचं पहिलं सोनं लुटायचा मान लालासाहेबाला मिळाला, आणि पुढं नानासो मेल्यावर पोलीस पाटीलकीही. केरबा त्याच्याच वाटणीशेजारी नांगर धरायचा. तोंड उघडावं तर जोतिबाची आण. दुसरा कुणी असता तर आण गुंडाळून ठेवली असती, पण केरबा तसला नव्हता, आणि त्याचा राग त्यामुळंच नासला नाही, मुरत गेला.

त्याला सूड घ्यायची एक वाट सापडली होती. लालासाहेबाला चावडीवर लढाईच्या गोष्टी सांगायची हौस, आणि गोष्टी येणार कुठनं? त्या केरबाकडनंच. महिन्या-दोन महिन्यांनी तो बांधावर येऊन बसायचा, तंबाखू मळायचा आणि विचारायचा, "त्या बसऱ्याला झाडं कसली रं हुती?" केरबा खुरपं न थांबवता सांगायचा, "आंब्याची. नुसती आमराई." खजुराशिवाय तिथं डोळ्याला दुसरं झाड पडलेलं नव्हतं. तो सांगायचा की लुईस गन ओढायला दोन खेचरं लागायची, की तिथली नदी घोट्याएवढी, माणसं वहाणा हातात घेऊन पलीकडं जायची. लालासाहेब हे सगळं गाठीला बांधून चावडीवर नेई. आसनवाडीत दुसरं कुणी पलटणीत गेलेलं नव्हतं, त्यामुळं वीस वर्षं कुणाला शंका आली नाही. केरबा मात्र एकेक थाप द्यायचा आणि मनात म्हणायचा, राहू दे, कधीतरी खरा शिपाई भेटेल तुला.

एक्केचाळीस सालच्या चैत्रात तो दिवस आला. दुसरी लढाई पेटली होती आणि पलटणीला नवे रंगरूट शिकवायला जुनी माणसं कमी पडत होती. नायक लालासाहेब फडतरे यांस पत्र आलं की जुन्या लढाईत लुईस गन चालवलेल्या जवानांनी साताऱ्यास हजर व्हावे. मामलेदारानं पत्र चावडीवर वाचून दाखवलं आणि पाटलाच्या गळ्यात हार घातला. संध्याकाळी तो हार तसाच गळ्यात घेऊन केरबाच्या बांधावर आला.

"केरबा, कागद आलाय रं."

"ऐकलं. मग जा की. तुजंच नाव हाय."

"चेष्टा नगं करू गड्या. पयल्यांदा गेलतास तसा आता बी तूच जा. त्रेचाळिशीला आलो आपुन, मला ह्यातलं काय येतंय?"

केरबानं खुरपं खाली ठेवलं. वीस वर्षांत लालासाहेबानं त्याच्याकडं गोष्टींशिवाय पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, आणि आता हात जोडून उभा होता. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्यानं खाली बघून हाताची माती झटकली.

"दोगंबी जाऊ," तो म्हणाला. "कागदावर माजं नाव न्हाई, तुजं हाय. साहेब दोन-चार गोष्टी इचारंल. मी तुला इतकी वर्सं सांगितलंय तेवढं सांग, आनि मग म्हन, गुडगं धरल्यात. सोडून देतील."

लालासाहेबाला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला काय पटणार नाही?

साताऱ्याच्या माळावर तंबू ठोकले होते. दोनशे-अडीचशे जुने शिपाई जमलेले, कुणी पिकल्या मिशीचे, कुणी एका डोळ्याचे, सगळे बिल्ले लावून रांगेत उभे. केरबा दोरीच्या अलीकडं बघ्यांत थांबला. टेबलाशी गोरा साहेब, आणि त्याच्याबरोबर कृष्णात सुभेदार, तासगावकडचा, जुन्या लढाईतला. केरबानं त्याला लांबूनच ओळखलं. बसऱ्याला एकाच ताटात जेवलेले होते दोघं. केरबानं फेटा पुढं ओढला. आधी लालासाहेबाचं होऊ दे असं त्याच्या मनात होतं.

सुभेदारानं लालासाहेबाचं नाव पुकारलं आणि समोर आलेला माणूस बघून तो थबकला. मग सावकाश विचारू लागला. कुठं होतास? काय बघितलंस? लालासाहेबानं वीस वर्षं घोकलेलं सगळं घडाघडा म्हटलं. बसऱ्याची आमराई आली. घोट्याएवढी नदी आली. रांगेतली माणसं एकमेकांना कोपरं मारायला लागली. त्या नदीत कुणाचे भाऊ बुडाले होते.

"आनि लुईस गन?" सुभेदारानं विचारलं.

"दोन खेचरं लागायची, सुभेदारसाब. चढ लागला की तीन."

माळ हसला. साहेबाला कळेना काय झालं, म्हणून सुभेदारानं त्याला इंग्रजीत सांगितलं, आणि साहेबही हसला. लालासाहेब हात जोडून उभा, कपाळावरचा घाम बिल्ल्यावर ठिबकत होता. केरबानं फेटा मागं सारला. असलं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं.

सुभेदाराची नजर दोरीपाशी गेली आणि तो तिथनंच ओरडला, "लालासाहेब! आरं, तू तिकडं काय करतोस?"

अडीचशे माणसं वळली. कुणाला हाक मारली हे लालासाहेबाला कळलं, आणि केरबालाही. केरबा पुढं आला आणि टाच जुळवून उभा राहिला. सुभेदारानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. भावकीतली भांडणं बघितलेला माणूस होता तो, त्याला फार सांगावं लागलं नाही. तो पाटलाला म्हणाला, "ह्यो लालासाहेब. मग तू कोन? नीट सांग. दुसऱ्याचा बिल्ला लावनाऱ्याला कैद हाय."

लालासाहेबानं केरबाकडं बघितलं. केरबानं समोर, झेंड्याकडं.

"मी... मी केरबा, साब."

"पयल्या लढाईला कुटं हुतास?"

"भरतीला भिऊन पळालो हुतो."

हे वाक्य केरबानं स्वतःबद्दल हजारदा ऐकलं होतं. आता ते ज्याचं होतं त्याच्या तोंडातनं आलं, आणि केरबाला आण मोडावी लागली नाही. सुभेदारानं जुन्या दोस्ताकडं बघून पाटलाला सोडलं, बिल्ला काढून केरबाच्या हातात दिला, कागद पुढं सारला, आणि केरबानं वीस वर्षांनी ती जुनी सही केली. नायकाच्या फिती कायम. चार दिवसांत बेळगावला हजर व्हायचं. रेल्वेचा पास मिळाला.

हा आनंद फक्त तीन तास टिकला. परतीच्या गाडीत वडूथ मागं पडलं तसा हळूहळू लालासाहेबाच्या तोंडाला रंग चढला. आसनवाडीचं तिथं कुणी नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"ब्येस झालं बग," तो म्हणाला. "तू जा बेळगावला. मी गावात सांगतो, साहेबानं मला तालुक्यात भरतीच्या कामाला ठिवून घेतलंय. नाव तर माजंच चाललंय वर. ह्या लढाईचा बी बिल्ला यील घरी." आणि मग, अगदी सहज, हात पुढं करून म्हणाला, "त्यो बिल्ला दे हिकडं. गावात जायाचंय."

केरबानं दिला. का दिला हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. बिल्ल्याच्या कडेला नाव लालासाहेबाचं होतं, तो खिशात ठेवून काय करणार? अंधार पडायच्या आत चावडीवर पाटील सांगत बसला होता की साहेबानं कसं उठून हात मिळवला.

केरबाच्या बायकोनं, बनुबाईनं, सगळं ऐकून घेतलं. ती फार बोलणारी बाई नव्हती, पण बोलली की कापायची.

"आवं, म्हंजे परत त्येच्याच नावानं चाललासा."

"नायक म्हनून चाललोय. मला पलटन पायजे बने. ह्या गावात ढेकळं फोडून मरायचं न्हाई मला."

"पलटनीला जाऊ नगा म्हनत न्हाई मी. पर तुमी तिकडं पडलासा तर तार कुनाच्या घरी यील? पाटलाच्या. लालासाहेब मेला म्हनून. आनि लालासाहेब तर वट्यावर पान खात बसलेला. मग मी कुनाच्या नावानं रडू? सासूबाईच्या वक्ताला तुमी गिळलं, म्या बी गिळायचं व्हय?"

 ताट तसंच सारून केरबा बाहेर जाऊन बसला. आपण दिवसभर सूड घेतला म्हणून फुगलो, आणि घेतला काय, तर लालासाहेबाला आणखी एक लढाई फुकट मिळवून दिली, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेतनं पुन्हा राग उसळला. सही केलेला कागद डोळ्यापुढं यायला लागला. कागदावर नाव लालासाहेबाचं. चार दिवसांत हजर व्हायचं तेही लालासाहेबानं. मग झालं तर, होऊ दे त्यालाच हजर. केरबा बसल्या जागी हसला, आणि बनुबाईला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी कामधंद्याला जातो असं गावाला सांगून तो निघाला. पाटील वेशीपर्यंत आला, निरोप देताना पाठ थोपटली. केरबानं बेळगावचा पास चुलीत घातला होता. तो आष्ट्याला मेव्हण्याकडं गेला. जोतीराम मेव्हणा साधा माणूस, त्यानं काही विचारलं नाही. आष्ट्याच्या बाजारात भरतीवाल्यांचा तंबू होता, तिथं लढाऊ पलटणीची भरती नव्हती, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीला माणसं हवी होती, आणि वयाची फार चिकित्सा चालत नव्हती. रांगेत मिसरूड न फुटलेली पोरं होती. केरबा त्यांच्यात उभा राहिला.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

"केरबा गुंडा फडतरे."

बापाचं नाव सरकारी टेबलापुढं तो पहिल्यांदाच घेत होता. आजवर तिथं नानासो असायचा. त्याचा आवाज जरा फाटला, कारकुनानं वर बघितलं.

"वय?"

"पस्तीस."

"असेल, असेल. पूर्वीची नोकरी?"

 बसऱ्याचं ऊन, खांद्यावरची गन, दोन फिती, न्हाव्यापुढनं उठवलेला तो दिवस, सगळं त्याच्यामागं रांग लावून उभं होतं. त्यातलं एकही केरबाच्या नावावर नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला.

कारकुनानं लिहिलं, नाही. आणि सहीला टाक पुढं केला. केरबानं टाक हातात घेतला, आणि तेव्हा त्याला कळलं की त्याला येत असलेली एकच सही दुसऱ्याची आहे. त्यानं टाक खाली ठेवला आणि अंगठा पुढं केला. शेजारचं पोरगं खुदकन हसलं. केरबाला ते लागलं. एके काळी त्यानं असल्या दहा पोरांना सरळ उभं राहायला शिकवलं होतं. पण अंगठा उठला तो त्याच्या स्वतःच्या नावाखाली उठला, आणि त्यापायी तो हेही सोसायला तयार होता.

पुण्याला त्याला फावडं मिळालं. खडी वाहायची, चर खणायचे. त्यानं तक्रार केली नाही. तो वाट बघत होता, आणि वाट बघायची त्याला सवय होती.

बेळगावला नायक लालासाहेब फडतरे हजर झाला नाही. पलटणीनं महिनाभर वाट बघितली आणि त्याला फरारी ठरवलं. फरारी शिपायाला पकडून पाठवावे असा हुकूम रीतीप्रमाणं त्याच्या गावच्या पोलीस पाटलाकडं आला. आसनवाडीचा पोलीस पाटील कोण, तर लालासाहेब फडतरे. त्यानं स्वतःला पकडायचा हुकूम वाचला आणि दोनदा चुलीत घातला. तिसऱ्यांदा कोरेगावचा फौजदारच आला, चावडीवर, भर बाजाराच्या दिवशी, आणि गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवला. चार दिवसांत हजर झाला नाहीस तर बेड्या घालून नेईन म्हणाला. बनुबाईनं विष्णुपंत मास्तरांकडनं पत्र लिहून घेतलं, त्यात एवढं सगळं होतं आणि खाली लिहिलं होतं की गाव आता पाटलाला बघून कुजबुजतं, बाकी खुशाल.

दोन दिवसांनी लालासाहेब बनुबाईकडनं पत्ता काढून पुण्याला आला. केरबा रस्त्याच्या कडेला खडी पसरत होता. हवालदारानं पाच मिनिटं दिली.

लालासाहेब वाळून कोळ झाला होता. "केरबा, तू म्होरं ये. सही तू केलीस म्हनून सांग."

"मला कसं सांगता यील? तुज्या बापानं जोतिबाची आन घातलीया मला."

"मी मोडतो ती आन. मी मोकळा करतो तुला."

"तू कोन मोकळा करनारा? तुला सांगायचं आसंल तर सांग की. तुला कुनी आन घातली न्हाई. सांग साहेबाला, का मी कवाच पलटनीत न्हवतो, वीस वर्सं दुसऱ्याचा बिल्ला लावला, त्येच्यावर पाटीलकी मिरवली. लगीच फरारीतनं सुटशील."

 ते सांगितलं तर कैद, आणि पाटीलकी गेलीच. न सांगावं तर बेड्या.

"मग मी काय करू रं?" तो म्हणाला आणि रडायला लागला. आपल्याला दया येईल असं केरबाला वाटलं होतं. तो थोडा वेळ वाट बघत राहिला. दया आली नाही.

"हजर हो," तो म्हणाला. "आपनहून हजर झाल्याला माफ करत्यात. फिती काडतील, आचाऱ्याच्या हाताखाली घालतील. लढाई चालंल तवर काड."

"ह्या वयात?"

"माजं बी त्येच वय हाय."

लालासाहेबानं डोळे पुसले. बेळगावची गाडी दुपारची होती. स्टेशनवर पलटणीचा माणूस असतो, तिथं नाव दिलं तरी चालतं, असं केरबानं सांगितलं, आणि ते मात्र खरं सांगितलं.

"तू चल माज्यासंगं तिथवर," लालासाहेब म्हणाला. "एकल्याला भ्या वाटतंय गड्या. गेलो की काय म्हनायचं असतं?"

"आपलं नाव सांगायचं," केरबा म्हणाला, आणि खडी ओढायला लागला.